अनुदान मागून येतं, हप्ता आधी येतो

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की हवामान बदलासाठी जगभरातून जो पैसा निघतो, ज्याला क्लायमेट फायनान्स म्हणतात, तो शेवटी आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयातूनच जातो, फक्त त्यावर तसं लिहिलेलं नसतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकतेय. नावं कुणाचीच छापत नाही, कारण अर्ध्याअधिक लोकांचे अर्ज अजून कुठल्या ना कुठल्या टेबलावर पडलेत आणि उगाच कुणाला त्रास नको.

ताई नमस्कार. आमची दोघा भावांची पाच एकर सीताफळाची बाग आहे, दोन वर्षं झाली घरीच पल्प काढतो, डीप फ्रीझरमध्ये ठेवतो आणि सोलापूर-पुण्याच्या आइस्क्रीमवाल्यांना देतो. आता पल्प काढायचं मशीन आणि छोटी कोल्ड रूम करायचीय, खर्च २५ लाखाच्या घरात जातोय. टीव्हीवर ऐकलं की गरीब देशांना ३०० अब्ज डॉलर क्लायमेट फायनान्स मिळणार, म्हणून बँकेत जाऊन तेच मागितलं तर मॅनेजर हसला. आमचं काय चुकलं? — बार्शीहून

हसायला नको होतं त्यांनी, पण खरं सांगू का, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये त्या नावाचं खातंच नाहीये. मी स्वतः २२ वर्षं बँकेत शेतीकर्जाचं टेबल सांभाळलंय, माझ्यासमोर कुणी क्लायमेट फायनान्स मागितलं असतं तर मीही आधी गोंधळलेच असते.

तुम्ही ऐकलेला आकडा खोटा नाही. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायला लागू, तो आकडा गाठायला त्यांना २०२२ उजाडलं, आणि मग २०२४ ला अझरबैजानमधल्या बाकूच्या परिषदेत नवीन आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. पण हे कुणी पोत्यात भरून देत नाही, यातला मोठा भाग कर्जच असतो, आणि तोही वीज, मेट्रो, मोठमोठे सोलर पार्क यांच्याकडे जातो. छोट्या शेतकऱ्यांपर्यंत आणि त्यांच्या छोट्या धंद्यांपर्यंत जगभरातल्या क्लायमेटच्या पैशातले दोन टक्केसुद्धा पोचत नाहीत. याचं कारण दुष्टपणा वगैरे नाही, साधं आहे. अडीचशे कोटींचा सोलर पार्क एका फाइलीत उरकतो, आणि तेच अडीचशे कोटी तुमच्यासारख्यांना २५-२५ लाखांनी वाटायचे म्हटलं तर हजार फाइली, हजार सातबारे, हजार व्हिजिटा. फाइल छोटी असली म्हणून मेहनत कमी लागत नाही हो, उलट जास्त लागते.

त्यामुळे पुढच्या वेळी बँकेत जाताना योजनेचं नाव घेऊन जा. तुमच्या कामाच्या दोन आहेत. पल्पच्या मशीनला पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. कोल्ड रूमला कृषी पायाभूत सुविधा निधी, लोक एआयएफ म्हणतात, २०२० ला सुरू झाला, त्यात अनुदान नाही तर व्याजात ३ टक्के सवलत, २ कोटीपर्यंतच्या कर्जाला आणि जास्तीत जास्त ७ वर्षं. दोन्ही एकत्र घेता येतात, हे बऱ्याच शाखांमध्ये सांगत नाहीत. अर्ज त्या वेळी चालू आहेत का ते मात्र पोर्टलवर बघूनच पुढं जा.

आता हिशोब मांडू, कारण इथंच माणसं फसतात. २५ लाख खर्च, त्यातले १० टक्के तुमचे, म्हणजे अडीच लाख खिशातून. उरलेलं साडेबावीस लाख कर्ज. ३५ टक्क्यांनी अनुदान होतं पावणेनऊ लाख. पण हे पावणेनऊ लाख तुमच्या हातात येत नाहीत!! ते बँकेत तुमच्या नावानं वेगळ्या खात्यात जाऊन बसतात, कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नीट राहिलं आणि युनिट चालू असलं तर मग ते कर्जात वळते होतात. तेवढ्या भागावर व्याज लागायला नको, हे बँकेकडून लेखी घ्या. आणि खातं मध्येच एनपीए, म्हणजे थकीत झालं तर अनुदानावर पाणी. एआयएफची सवलत कोल्ड रूमच्या १० लाखांवर धरली तर पहिल्या वर्षी ३० हजारांच्या आसपास वाचतील, फार नाही पण फ्रीझरच्या लाइट बिलाला हातभार.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. सीताफळ पावसाळ्याच्या शेवटाला येतं, झाडावरून उतरवलं की तीन-चार दिवसांत मऊ पडतं, म्हणजे दोन-अडीच महिन्यांत तुम्हाला सगळं फळ घ्यायचं, मजूर लावायचे, पल्प काढून उणे १८ ला ठेवायचा, आणि आइस्क्रीमवाल्याची मागणी येणार फेब्रुवारी-मार्चला, पैसे त्याच्याही नंतर. या मधल्या काळात शेजाऱ्यांचं फळ घ्यायला पैसा कुठून आणणार? ते २५ लाख तर मशीन आणि पत्र्यात गेले. म्हणून मुदत कर्जाबरोबरच खेळत्या भांडवलाची सीसी लिमिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कॅश क्रेडिट खातं मागा, पहिल्याच अर्जात मागा, नंतर मागितली की बँकेला संशय येतो. आणि कर्जाचा पहिला हप्ता एक अख्खा सीझन संपल्यावर सुरू होईल असा मोरॅटोरियम लिहून घ्या. मी बघितलेली किमान चार प्रक्रिया युनिटं कर्जामुळे नाही बुडाली, हप्ता ऑक्टोबरला आणि पैसा मार्चला यामुळे बुडाली.

तारण मागतील. एआयएफखाली २ कोटीपर्यंत सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची हमी असते आणि तिची फी सरकार भरतं, तेव्हा जमीन लिहून द्या म्हणाले तर शांतपणे हे सांगा, भांडू नका, शाखा नाही म्हणाली तर क्षेत्रीय कार्यालयाला लेखी पाठवा.

आमी बायांनी मिळून शेतकरी कंपनी काढली, सोयाबीन-तुरीचं क्लीनिंग ग्रेडिंग युनिट टाकलं, पोकरातून ६० टक्के अनुदान मंजूर. बिलं अपलोड करून सात महिने झाले, पैसा नाही. बँकेचं व्याज आमीच भरून राहिलो. गावातले माणसं म्हणतात बायांना कोण सांगितलं होतं. हे जागतिक बँकेचे पैसे आहेत म्हणतात ना, मग उशीर कशाचा? — वाशीम जिल्हा

आधी गावातल्या माणसांना सांगा, पुरुषांच्या कंपन्यांनाही एवढाच उशीर होतो.

पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, हे मी बाकीच्या वाचकांसाठी सांगते. २०१८ ला जागतिक बँकेनं यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं होती, मराठवाडा, विदर्भातले जिल्हे आणि जळगाव, त्यातली काही पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची. हवामानाशी जुळवून घेणारी शेती, असंच त्याच्या कागदावर लिहिलंय. म्हणजे बार्शीकरांनी जे क्लायमेट फायनान्स बँकेत मागितलं ते तुमच्या गावात कधीच आलेलं आहे. आणि हो, ते कर्ज आहे, राज्य फेडणार, म्हणजे तुम्ही-आम्हीच.

उशीर कुठं होतो ते सांगते. पैसा एकदम येत नाही, काम आधी होतं, तुम्ही बिल टाकता, मोका तपासणी होते, जागेचा फोटो अक्षांश-रेखांशासकट चढतो, तालुका, उपविभाग, जिल्हा असं करत ते वर जातं आणि मग थेट खात्यात रक्कम येते. यातला एक माणूस बदली होऊन गेला की फाइल तिथंच. तुमची फाइल कुठल्या टेबलावर आहे ते आधी शोधा, "प्रलंबित" एवढंच उत्तर घेऊ नका. बऱ्याचदा कारण अगदी फालतू असतं, बिलावरचं कंपनीचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव यात एका शब्दाचा फरक, किंवा पूर्वसंमतीच्या तारखेआधीचं एखादं कोटेशन-बिल जोडलेलं. पूर्वसंमतीआधी खरेदी केली असेल तर मात्र अवघड आहे, ते नियमातच बसत नाही. मागे एका गटाची फाइल माझ्याच शाखेत अशी चार महिने अडकली होती, शेवटी कळलं की ठरावाच्या प्रतीवर अध्यक्षांची सही होती, सचिवांची नव्हती. चार महिने!

व्याजाचं काय करायचं. तुमच्या बँकेला मंजुरीचं पत्र दाखवून अनुदान येईपर्यंत हप्त्याची फेररचना मागा, खातं थकण्याआधी मागा, थकल्यावर मागणं म्हणजे वरात गेल्यावर घोडा. आणि तुमच्या भागभांडवलाचा काही हिस्सा अजून शिल्लक असेल तर तो व्याजात घालवू नका, येत्या हंगामात तूर विकत घ्यायला ठेवा, कारण युनिट बंद पडलं तर अनुदान येऊनही उपयोग नाही. भांडवलासाठी नाबार्डची उपकंपनी आहे, नॅबकिसान, ती शेतकरी कंपन्यांना कर्ज देते. शिवाय एफपीओंसाठी, म्हणजे तुमच्यासारख्या शेतकरी कंपन्यांसाठी पतहमी योजना आहे, त्यात एक कोटीपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के आणि त्यावर दोन कोटीपर्यंत ७५ टक्के हमी मिळते, बँक मॅनेजरला माहीत नसेल तर परिपत्रक प्रिंट करून न्या, मी थट्टा करत नाहीये, खरंच न्या.

लातूर जिल्ह्यात एक कंपनी गावोगाव फिरतेय, बांधावर बांबू आणि फळझाडं लावा, कार्बन क्रेडिटचे पैसे दर वर्षी घरबसल्या. करार इंग्रजीत आहे, ४० पानी. सही करू का?

नको. म्हणजे आज नको.

कार्बन क्रेडिट हा प्रकार फसवाफसवीच आहे असं मी म्हणत नाहीये. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी झाला याचा दाखला, तो बाहेरची कंपनी विकत घेते आणि आपल्या धुराची भरपाई दाखवते. पण दाखला मिळायला मोजणी, पडताळणी, नोंदणी असा सगळा खर्च असतो, एका शेतकऱ्याला तो परवडत नाही म्हणूनच मधली कंपनी शेकडो शेतकरी गोळा करते. गोम सगळी त्या मधल्या हिश्श्यात.

तेव्हा ते ४० पान मराठीत मागा. देत नसतील तर विषयच संपला. दिलं तर त्यात बघा, मुदत किती वर्षांची आहे, कारण हे करार वीस-वीस, तीस-तीस वर्षांचेही असतात आणि तेवढ्यात तुमचा मुलगा शेती विकायला निघेल, मग? विक्रीतला किती टक्के वाटा तुमचा, आणि तो एकूण विक्रीवर की "खर्च वजा जाता" उरलेल्यावर, या तीन शब्दांत सगळी कमाई गडप होऊ शकते. झाड वाळलं, पाणी नव्हतं, जळालं, तर जबाबदार कोण. आणि पैसे नेमके कधीपासून. झाड लावलं की पैसे असं नसतं, झाड वाढावं लागतं, पहिली पडताळणी व्हायला वर्षं जातात.

अजून एक, तुमची जुनी आमराई किंवा आधीच लावलेला साग दाखवून क्रेडिट मिळतील असं कुणी सांगितलं तर तो माणूस खोटं बोलतोय. क्रेडिट "नव्यानं" केलेल्या कामाचंच मिळतं, जे एरवी झालंच नसतं. आणि भाव? २०२३ मध्ये जंगलांच्या काही प्रकल्पांवर मोठी टीका झाली आणि ऐच्छिक कार्बनचा बाजार चांगलाच आपटला, म्हणजे आज एजंट सांगेल तो भाव पाच वर्षांनी असेल याची कुणीच हमी देत नाही.

माझं मत विचाराल तर बांबू बांबूसाठी लावा. त्याला गिऱ्हाईक कोण आहे, किती लांब आहे, ट्रकचं भाडं किती, हे जमत असेल तर लावा, कार्बनचे आले तर दिवाळी. नुसत्या कार्बनवर जो हिशोब जमतो तो मला तरी अजून कुणी कागदावर दाखवलेला नाही.

सांगोला. डाळिंबाचा हवामान आधारित विमा काढला होता, मृग बहार. आमच्या शेतात पाऊस कोसळला, फुलं गळली, पण महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर पाऊस कमी नोंदला म्हणून भरपाई शून्य. भाऊ नैरोबीला नोकरीला आहे, तो म्हणतो तिकडं मोबाइलवरच विम्याचे पैसे येतात. आपल्याकडं का नाही?

तुमचा राग कळतो, पण हा विमा तुमच्या बागेचा नाहीच मुळी, तो मंडळातल्या हवामान केंद्राचा आहे. ठरवलेल्या तारखांत ठरवलेल्यापेक्षा जास्त पाऊस किंवा ठरवलेल्या दिवसांचा खंड त्या केंद्रावर नोंदला गेला तर मंडळातल्या सगळ्यांना भरपाई, पंचनामा नाही काही नाही, आणि नाही नोंदला तर कुणालाच नाही. पंचनामा नसल्यामुळेच तो झटपट आणि स्वस्त पडतो, शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या साधारण ५ टक्के, आणि त्याचीच ही दुसरी बाजू. फक्त गारपिटीचं वेगळं कव्हर जादा हप्ता भरून घेतलं असेल तर ७२ तासांत कळवून वैयक्तिक पाहणी होते.

भाऊ सांगतो ते खरं आहे. केनियात २००९ ला किलिमो सलामा नावानं असाच विमा सुरू झाला, बी-बियाण्याच्या पिशवीबरोबर विमा विकायचे, हवामान केंद्राचा आकडा बघायचे आणि एम-पेसावर, म्हणजे तिकडच्या मोबाइलवरच्या पैशाच्या खात्यावर थेट पैसे टाकायचे. पैसे झटपट पोचायचे, मान्य. पण केंद्र लांब आणि शेत इकडं ही अडचण त्यांनाही चुकली नाही, मोबाइलनं पैसे लवकर पोचतात, पाऊस अचूक मोजला जात नाही. आपल्याकडचा खरा इलाज केंद्रं वाढवणं हाच आहे. ग्रामसभेत ठराव करा आणि केंद्र कुठं बसलंय ते एकदा स्वतः जाऊन बघा, झाडाखाली किंवा भिंतीला खेटून असलं तर फोटोसकट तक्रार करा, अशा तक्रारींची दखल घ्यावीच लागते.

आणि डाळिंबवाल्यांनो, विमा मिळाला तर मिळाला म्हणूनच धरा, बँकेला हप्त्याचा आधार म्हणून तो दाखवू नका.

आम्ही मालवण तालुक्यातल्या बायका, खाडीत कुर्ल्यांची शेती करूची म्हणतो. कोरियाचे पैसे येतत असं कुणीतरी सांगला. खरा काय?

खरं आहे, ऐकायला कितीही गंमतशीर वाटलं तरी! ग्रीन क्लायमेट फंडाचं ऑफिस दक्षिण कोरियात सोंगडोला आहे, आणि २०१८ ला त्यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी साधारण ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले, हे अनुदान आहे, कर्ज नाही. हेतू कांदळवनं राखायचा आणि त्यावर जगणाऱ्यांना दुसरी कमाई द्यायचा, म्हणून खेकडेपालन, कालवं वगैरे.

पण तुम्ही कोरियाला अर्ज करायचा नाही, तुमचा रस्ता वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून. राज्याची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना वेगळी आहे, २०१७ पासूनची, त्यात गटाला ९० टक्के आणि गटाचे स्वतःचे १०. गावात कांदळवन सह-व्यवस्थापन समिती आहे का बघा, नसेल तर ती आधी होऊ दे, तिच्याशिवाय पुढं काही हलत नाही.

पैशाआधी पिल्लांचं बघा. खेकड्याची पिल्लं बराच काळ तामिळनाडूच्या हॅचरीतून येत होती, नंबर लावावा लागायचा, आणि पिल्लं आली तेव्हा जाळं तयार नाही किंवा जाळं तयार आणि पिल्लं नाहीत असं झालेले गट मी बघितलेत. शिवाय पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा नुकसान होतं, हे जुन्या गटांना विचारा, वेंगुर्ल्याकडं काही जणींनी हे सगळं करून झालंय, एक दिवस डबा घेऊन जा आणि त्यांच्याबरोबर चिखलात उतरून बघा. कुर्ली मोठी व्हायला महिने लागतात, तोवर खाद्य कोण आणणार, राखण कोण करणार, भरतीला जाळं कोण बघणार, हे कागदावर नावानिशी लिहा. अर्जात ते विचारत नाहीत, पण गट तिथंच मोडतात. आणि पहिल्या वर्षी मुंबईच्या व्यापाऱ्याला शब्द देऊ नका, पहिल्या कुर्ल्या मालवणच्या बाजारातच विका, वजन आणि भाव दोन्ही कळेल.